पंपाचा गळा

कनकसभै आसारीच्या घरातली एकही वस्तू घराच्या मापाची नव्हती. त्याने केलेली खाट दारातून आत जाईना म्हणून चौकट उखडावी लागली. कपाटाची दारं एकमेकांवर चढून बसत. लेकीसाठी केलेला पाळणा तुळईच्या कड्यांना असा तिरका टांगला होता, की पोर कायम एका कुशीवर घरंगळलेली असे. सुतारकीत हात धरणारा माणूस अख्ख्या सिंगानल्लूरमध्ये नव्हता, आणि तरी ही तऱ्हा. कारण एकच, त्याच्या कमरेला खोचलेली पट्टी.

तो फौंड्रीत पॅटर्न करी. म्हणजे लोखंडाची जी वस्तू ओतायची, ती आधी जशीच्या तशी लाकडात घडवायची. मग मोल्डर ती वाळूत दाबून अलगद काढून घेतो आणि मागे राहिलेल्या पोकळीत रस ओततो. रस निवताना लोखंड आटतं, शंभराला एक. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी मुद्दाम लांब असते, तिचा फूट फुटापेक्षा जरासा मोठा. सव्वीस वर्षं तीच पट्टी कमरेला असल्यावर घरी वेगळी पट्टी घ्यायची आठवण कुणाला राहणार? त्याची बायको रुक्कुमणी म्हणायची, "आमच्या घरात ओतायचं काय आहे हो? लाकूड आटत नाही. आटते ती मी."

पॅटर्नच्या नशिबी कौतुक नसतं. वाळूत जायचं, वर यायचं, माळ्यावर पडायचं. कनकसभै मात्र त्याला लेकीसारखा नटवी. काचकागद, मग लाखेचा हात, मग पुन्हा काचकागद, मग तळवा फिरवून बघायचा. अंथोणी मोल्डर त्याला छेडायचा.

"आसारी, वाळूला दाखवायला एवढा शृंगार?"

"वाळूला कळतं. तुला कळत नाही."

आणि वाळूला कळायचंच. जिथे कड धारदार, जिथे उतार चुकलेला, तिथे पॅटर्न निघताना वाळू ढासळायची. जिथे वळण डोळ्याला गोड, तिथून तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघायचा. एकदा नाही, शेकडो वेळा त्याने हे पाहिलं होतं. मोटारीचं कवच, गिरणीचं चाक, शिलाई मशीनचा पाय, जे जे देखणं जमलं ते ते नीट चाललंही. तेव्हा त्याने मनाशी गाठ बांधली होती, की डोळ्याला जे पटतं ते कामालाही बरोबर असतं. हा माणूस देवळात जायचा तो बायकोच्या आग्रहाने. श्रद्धा होती ती या एका गोष्टीवर.

मग दुष्काळाची वर्षं आली. गावोगाव बोअर मारायला लागले आणि प्रत्येक बोअरवर हातपंप हवा झाला. फौंड्रीचे मालक चेन्नियप्पन कुठूनसं एक ड्रॉइंग घेऊन आले. पंपाचं डोकं, म्हणजे दांडा जिथे खिळतो आणि तोंडातून पाणी पडतं तो वरचा भाग, कनकसभैने महिनाभरात उभं केलं. ड्रॉइंगबरहुकूम. आणि ते त्याला बघवेना. खालून चढत आलेली रेघ डोक्यापाशी पोचायच्या आधी गळ्यात अडखळत होती. ठेंगू पैलवानासारखा तो पंप मान खाली घालून उभा होता.

तो जेवायला बसे आणि अर्ध्यातून उठे. चहाच्या दुकानात पेला हातात घेऊन दाराकडे बघत राही. रुक्कुमणी म्हणाली, "कुणी बाई ठेवलीय का?" तो म्हणाला, "गळ्यात अडकतंय." तिने घशाला हळदीचा काढा करून दिला आणि त्याने तो मुकाट्याने प्यायलाही.

आठव्या दिवशी त्याने रंधा घेतला आणि गळ्याभोवती एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, उतरवलं. आतली पोकळी तेवढीच, बाहेरची भिंत तेवढी बारीक झाली. दोन पावलं मागे सरून पाहिलं, तर रेघ खालपासून वरपर्यंत वाहत गेली होती. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मालकांनी पंपाला प्रदक्षिणा घातली. "बाई उभी राहिल्यासारखी दिसते रे," ते म्हणाले. पंचायतवाले फौंड्रीच्या फाटकाशी मालकांनी तुलनेसाठी ओळीने मांडलेल्या पाच कंपन्यांच्या पंपांतून बोट दाखवायचे ते याच पंपाकडे. आयुधपूजेला सगळी हत्यारं मांडतात, चंदन लावतात, तेव्हा कनकसभैने गळ्याला जरा जास्तच चंदन लावलं.

लेक तेन्मोळीचं लग्न कळ्ळिमेडूला ठरलं, तेव्हा वेशीवरच्या चिंचेखाली त्याचा पंप आधीच उभा होता. व्याही वरातीला सांगत होते, "मुलीच्या वडिलांच्या हातचा आहे." दोन बायकांनी पंपाच्या गळ्यावरून हात फिरवून बघितला. लेकीच्या पाठवणीत बापाने रडायचं असतं. हा पंपाकडे बघून हसत होता आणि रुक्कुमणीने त्याला कोपर मारलं.

आडी महिन्यात नव्या नवरीला माहेरी आणतात, तशी तेन्मोळी आली. आईने तेल लावायला डोकं मांडीवर घेतलं आणि थबकली. टाळूवर रुपयाएवढी जागा केस जाऊन गुळगुळीत झाली होती.

"डोक्यावर काय वाहतेस गं?"

"पाणी."

"पंप दारात असून?"

पोरीने ओसरीवर बसलेल्या बापाकडे पाहिलं. "आहे की," ती म्हणाली. "पण विहिरीचं पाणी गोड लागतं सासूबाईंना."

खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोललं, की घरात सगळ्यांना कळतं. कनकसभैने पाच दिवस वाट पाहिली. सहाव्या दिवशी फौंड्रीला सुट्टी होती. देवाला जातो म्हणून सांगितलं आणि कळ्ळिमेडूवरून जाणारी धारापुरमची बस धरली.

चिंचेखाली पंपाचा नुसता खांब उरला होता. डोकं बाजूला मातीत आडवं पडलं होतं आणि त्याच्या दांड्याच्या खाचेला एक शेळी बांधली होती. तो उकिडवा बसला. गळ्यातूनच गेला होता, गोल, स्वच्छ, करवतीने कापावा तसा. त्याने तुटलेल्या कडेवर बोट फिरवलं. लोखंड दाणेदार होतं, करडं, निर्दोष. बुडबुडा नाही, चीर नाही, अंथोणीच्या ओतकामाला नावं ठेवायला तिळाएवढी जागा नाही.

नाच्चम्मा पाटी नावाची म्हातारी शेळी सोडायला आली. तिने त्याला ओळखलं.

"तुम्ही पच्चैमुत्तूचे सासरे ना? अरे देवा. तुमच्या पोरीनं सगळ्यांना बजावलंय, अप्पांना कळू द्यायचं नाही म्हणून."

"कधी मोडला?"

"चार महिने होतील. पंचायतीत सांगून सांगून तोंड दुखलं."

"मोडला कसा?"

म्हातारीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याने पावसाला ओलं का म्हणतात विचारलं. "पाणी काढताना," ती म्हणाली. मग शेळीचा दोर हाताला गुंडाळत पुढे म्हणाली, "मोठा देखणा होता हो. तसा पंप या भागात कुठं नाही."

त्याला वाटलं, या बाईने आपल्याला शिव्या घालाव्यात. तिने त्याला ताक दिलं. ताक पिऊन झाल्यावर, काहीतरी करायला पाहिजे म्हणून, त्याने कमरेची पट्टी काढली आणि खांबावरच्या बोल्टच्या भोकांचं माप घेतलं. इथल्या बोअरवरचा खांब दुसऱ्याच कुठल्या कारखान्याचा होता, त्याची भोकं यांच्या मापाशी जुळत नसत, पहिल्या डोक्यालाही ती वेगळी पाडावी लागली होती. माप त्याने तळहातावर पेनाने लिहिलं आणि लेकीच्या दारावरून न जाता, शेताच्या बांधाने, चोरासारखा बसथांब्यावर आला.

त्यानंतर त्याला काही सुचेना. रजा टाकून तो बसने हिंडू लागला. चार गावं पाहिली. दोन ठिकाणी पंप गळ्यातच मोडला होता. तिसऱ्या गावी लोहाराने पट्टा आवळून, तारा गुंडाळून तो कसाबसा उभा केला होता आणि दांडा ओढला की कण्हत होता. चौथ्या गावचा पंप मात्र नव्यासारखा झळाळत होता. कनकसभैचा जीव भांड्यात पडला. त्याने दांडा ओढला, पुन्हा ओढला. शेजारचा दुकानदार म्हणाला, "उगाच दमू नका. त्या बोअरला पाणीच लागलं नाही."

परतताना बसमध्ये त्याच्या पुढच्या बाकावर एक बाई रिकामी घागर मांडीवर घेऊन बसली होती. घागरीचा गळा हाताला मावेल असा, कडेवर बसेल असं पोट, जिथे बारीक हवं तिथे बारीक, जिथे भरदार हवं तिथे भरदार. त्याने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. सव्वीस वर्षांची श्रद्धा त्या घागरीत ठीक बसत होती आणि त्याच्या पंपात मोडत होती, आणि फरक कुठे आहे ते त्याला नेमकं माहीत होतं. घागरीची वळणं वाहणाऱ्याच्या कडेने ठरवलेली होती. पंपाचा गळा फक्त त्याच्या डोळ्याने ठरवला होता. दांड्याला लोंबकळणाऱ्या पोरीटोरी, दिवसातून पाचशे हिसके, हे त्या आठ दिवसांत एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी तो मालकांसमोर उभा राहिला.

"मुदलाळी, पंप गळ्यात मोडताहेत."

"अंथोणीची वाळू ओली असेल. सांगतो त्याला."

"त्याचं काही नाही. ड्रॉइंगपेक्षा मी एक सूत कमी केलंय."

चेन्नियप्पन कागदातून मान वर न करता म्हणाले, "माहितेय. मी तेव्हाच कॅलिपर लावला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"चांगला दिसत होता म्हणून." आता त्यांनी मान वर केली. "आसारी, फाटकाशी उभा राहून बघ. माणूस पाच पंप बघतो आणि आपल्यापाशी थांबतो. गळा जाड कर, तो दुसऱ्याच्या पंपापाशी थांबेल. आणि ओतीव लोखंड आहे, मोडणारच. सगळ्यांचेच मोडतात."

"आपला जास्त मोडतो."

"पॅटर्नला हात लावायचा नाही. तो फौंड्रीचा आहे, तुझा नाही. जा, चहा घे."

तो चहा घ्यायला गेला नाही. बाकापाशी आला आणि कातड्याची पट्टी शोधू लागला. पॅटर्नच्या आतल्या कोपऱ्यांना गोलाई द्यायला कातड्याची बारीक पट्टी सरसाने चिकटवतात, ती गठ्ठ्याने पडलेली असते. पंपाचा पॅटर्न दर पंधरवड्याला घासून झिजून दुरुस्तीला त्याच्याकडे येई, तसा त्या दिवशी आलेलाच होता. त्याने सरस तापवला. गळ्यावरून एकदा तळवा फिरवला. मग कातडं गुंडाळायला घेतलं.

एका सुताने भागेना. मोडलेल्या कडेचा तो करडा दाणा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याने दुसरा थर दिला, वर लाख फासली, आणि मागे सरून पाहिलं. इतकं ओंगळ काम त्याच्या हातून शिकाऊ असतानाही झालं नव्हतं. कामाला लागल्यापासून पहिल्यांदा तो ज्या वस्तूला बरोबर म्हणत होता, तिच्याकडे त्याला बघवत नव्हतं.

अंथोणीने पॅटर्न उचलला आणि खाली ठेवला. "आसारी, तुमच्या बाईला गलगंड झाला."

"ओत."

"मालकांना ठाऊक आहे?"

"मालक ओतकामाच्या खड्ड्यात कधी उतरतात? ओत म्हटलं ना."

अंथोणीने छातीवर क्रूसाची खूण केली आणि ओतला. तीन आठवडे ही चोरी चालली. पावलं वाजली की कनकसभै बाकावरून उठे. शेवटी पंप लॉरीत चढवणाऱ्या हमालांनीच बोंब मारली, की हल्ली डोकं जड लागतं. चेन्नियप्पन खाली आले. पॅटर्न बघितला आणि गळ्यावर बोट फिरवलं.

"काढ ते," मग म्हणाले.

"मी नाही काढणार."

"आसारी, मी घरी पाठवीन तुला."

"पाठवा. पण हे तुम्ही काढा. ही घ्या पटाशी."

फौंड्रीत हातोडे थांबले होते. चेन्नियप्पननी पटाशी घेतली, कातड्याच्या कडेला लावलीसुद्धा. पण ते स्वतः शेतकऱ्याच्या घरातले, हत्यार हातात धरलं की ते कशासाठी हे विसरणाऱ्यांतले नव्हते, त्यांनी हात तिथेच थांबवला.

"सव्वीस वर्षांत तू पहिल्यांदा काहीतरी कुरूप केलंस," ते म्हणाले. "ते का, हे कळल्याशिवाय मला झोप लागायची नाही. पोर कुठे दिलीयस?"

"कळ्ळिमेडू."

"तिथलाही मोडला?"

कनकसभैने मान हलवली.

चेन्नियप्पन पटाशी बाकावर ठेवून म्हणाले, "यातला एक घेऊन जा तिथं. पोंगलपर्यंत टिकला, तर पॅटर्न असाच राहील. मोडला, तर पॅटर्नबरोबर तूही माळ्यावर."

त्याने तळहातावरून वहीत उतरवलेल्या मापाने भोकं पाडून घेतली, डोकं पोत्यात शिवलं आणि बसच्या टपावर चढवलं. कळ्ळिमेडूच्या थांब्यावर जावई पच्चैमुत्तू बैलगाडी घेऊन आला होता. या वेळी लपायचं नाही असं ठरवून कनकसभैने आधीच निरोप धाडला होता. तेन्मोळी घागर घेऊन चिंचेखाली उभी होती, तिच्यामागे वीसएक बायका. बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

डोकं खांबावर चढवलं आणि बोल्ट जाईना. एकही. भोकांसमोर भोकं येतच नव्हती, सुताभराने सगळी आत सरकलेली. कनकसभैने पट्टी काढली, माप धरलं आणि घोळ त्याच्या ध्यानात आला. खांब मोजला होता पॅटर्नच्या लांब पट्टीने, आणि फौंड्रीत भोकं पाडली होती साध्या फुटाने. लोखंड ओतून, निवून, आटून कधीच झालं होतं. ते आता आणखी आटणार नव्हतं.

"काय झालं, मामा?" पच्चैमुत्तूने विचारलं.

"माझी खाट आठवते? तीच."

पच्चैमुत्तूला खाट ठाऊक होती, आहेरात आलेली. ती अजून अंगणातच होती. तो मोठ्याने हसला, मग सासऱ्याचं तोंड बघून गप्प झाला आणि घरून कानस घेऊन आला.

पाच तास भोकं घासणं चाललं. बायका सावलीसावलीने सरकत बसल्या होत्या. नाच्चम्मा पाटी म्हणाली, "आधीचं बसवायला एवढा वेळ नव्हता लागला." दुसरी म्हणाली, "हिचा गळा बघा की, सुजलाय." "आमच्या आत्याबाईंचा असाच होता," तिसरी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. कनकसभै मान वर न करता घासत राहिला. बोटांची सालं निघाली होती. त्याला बायकांचा राग येत नव्हता, त्या खरंच बोलत होत्या.

दुपारनंतर बोल्ट बसले. पच्चैमुत्तूने दांडा मारला. पाच, दहा, पंधरा हिसके, मग आधी तांबूस आणि मग निवळ पाणी आलं. गोंधळ उडाला, घागरी पुढे सरकल्या, भांडणं झाली, मग रांग लागली.

तो चिंचेच्या मुळीवर बसला. बघत राहिला. पहिल्या पंपाच्या वेळी लोक थांबून बघत, हात फिरवत, कुणी केला विचारत. आता बाई येत होती, दांडा मारत होती, घागर भरत होती, जात होती. एकीनेही मान वर करून पंपाकडे बघितलं नाही. चेष्टासुद्धा थांबली होती. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाज वाटली. तीस-चाळीस घागरी भरल्या. दांड्याच्या प्रत्येक हिसक्याला त्याची नजर गळ्याकडे जाई, आणि गळा जागचा हलत नसे.

तेन्मोळी तिसऱ्यांदा आली. ऊन उतरलं होतं.

"अप्पा, अजून इथंच? नाचणीचं कूळ केलंय, गार होऊन चाललंय. काय बघत बसलाय?"

"पंप."

तिने पंपाकडे पाहिलं, मग बापाकडे. तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, खरंच कळलं नव्हतं तिला.

"त्यात काय बघायचंय?" ती म्हणाली आणि दांडा ओढू लागली.

घागर भरल्यावर तो उठला, दोन्ही हातांनी उचलून ती लेकीच्या कडेवर ठेवली आणि तिच्यामागून जेवायला निघाला.